नाव कोण देणार?

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनोत, बार्ट या लोकल रेल्वेच्या स्टेशनबाहेर दोन लहान मुलींचा ब्राँझचा पुतळा आहे. अंगात कोट आणि कोटाला चिठ्ठी, प्रवासात सामानाला लावतात तशी. 2022 पासून तो तिथे आहे. शेजारच्या टॅनफोरान मॉलमध्ये चादरी-टॉवेल घ्यायला मी कितीदा गेले असेन, पण त्या जागेवर पूर्वी घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. 1942 मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे जपानी वंशाच्या जवळजवळ 8,000 माणसांना डांबलं होतं. कित्येक कुटुंबांच्या वाट्याला घोड्यांचे तबेले आले. वरवर चुना मारलेला, पण लिदीचा वास काही गेला नव्हता.

पर्ल हार्बर तुम्हाला माहीत आहे, ते सांगत बसत नाही. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या 9066 क्रमांकाच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे 1,20,000 लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत नेलं. त्यातले दोन-तृतीयांश इथेच जन्मलेले, म्हणजे रीतसर नागरिक. या संदर्भात इथे सगळ्यांच्या तोंडी नाव असतं ते फ्रेड कोरेमात्सुचं, घर सोडायला नकार देऊन कोर्टात लढला त्याचं. 30 जानेवारीला कॅलिफोर्नियात त्याचा दिवस पाळतात. माझं डोकं मात्र अडकलं ते मित्सुये एंडोपाशी. (इथे सत्तरीच्या बाईलाही नुसत्या नावाने हाक मारतात. मला ते अजून जमत नाही, तेव्हा मी एंडोबाईच म्हणणार.)

एंडोबाई सॅक्रामेंटोच्या, राज्य सरकारच्या मोटार वाहन खात्यात टायपिस्ट. वय बावीसच्या आसपास. जपानी वंशाच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना राज्याने घरी बसवलं, त्यात त्यांची नोकरी गेली. पाठोपाठ छावणी. जेम्स पर्सेल नावाच्या वकिलाला हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे डांबलेल्या माणसाला सोडा असा, कोर्टात अर्ज करायचा होता आणि त्यासाठी एक माणूस हवा होता. त्याने लोकांना प्रश्नावली पाठवली आणि उत्तरं चाळून एंडोबाईंना निवडलं. का, तर त्या मेथॉडिस्ट ख्रिश्चन. जपानला कधी गेलेल्या नाहीत. जपानी लिहिता-वाचता येत नाही. भाऊ अमेरिकेच्या सैन्यात.

ही यादी वाचून मी बराच वेळ चिडले होते. म्हणजे बौद्ध असती, आजीशी जपानीत बोलत असती, सुट्टीत ओसाकाला जाऊन आली असती, तर तिला तारेच्या कुंपणात ठेवलेलं चाललं असतं? हक्क सगळ्यांसाठी मागायचा, पण मागायला उभी राहणारी व्यक्ती अशी धुतल्या तांदळासारखी लागते की ती अल्पसंख्याक आहे हे न्यायाधीश विसरूनच जावा. वकिलाचं चुकलं असं नाही, कोर्टात काय टिकतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्रास होतो तो त्याचं बरोबर होतं याचाच.

जुलै 1942 मध्ये अर्ज दाखल झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीशांनी तो जवळजवळ वर्षभर ठेवून घेतला आणि मग फेटाळला. पुढे अपील. मधल्या काळात सरकारने एंडोबाईंपुढे सोडण्याची तयारी दाखवली. अट एकच, पश्चिम किनाऱ्यावर परतायचं नाही. म्हणजे घरी जायचं नाही, पण शिकागोला जा, कुठेही जा, नोकरी कर, मोकळी राहा. यातली मेख अशी की त्या बाहेर पडल्या असत्या तर खटल्यात अर्थ उरला नसता. डांबलेलंच कुणी नाही, तर सोडा कुणाला म्हणायचं? त्यांनी नाही म्हटलं आणि युटातल्या टोपाझच्या छावणीत राहिल्या. दार उघडं असताना.

पुढे एका मुलाखतीत त्या म्हणाल्या त्याचा आशय एवढाच की मी लाजाळू होते, सगळ्यांच्या भल्याचं आहे असं सांगितलं म्हणून तयार झाले.

18 डिसेंबर 1944 ला सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. कोरेमात्सु 6 विरुद्ध 3 मतांनी हरला. एंडोबाई एकमताने जिंकल्या: निष्ठेबद्दल शंका नाही अशा नागरिकाला डांबून ठेवता येणार नाही. निकालाचा वास लागला असावा, कारण लष्कराने आदल्याच दिवशी पश्चिम किनाऱ्यावर परतण्यावरची बंदी उठवल्याचं जाहीर करून टाकलं होतं. लोक घरी परतू लागले ते या बाईंमुळे. पण शाळेच्या धड्यात कोरेमात्सु.

सरकारने छळलं हे समजू शकते, सरकारं ते करतातच. पण आपल्याच माणसांनी? जपानी अमेरिकनांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेने एप्रिल 1942 मध्ये पत्रक काढून सांगितलं होतं की असे खटले लढवायला आमचा विरोध आहे. युद्ध संपेपर्यंत गप्प राहा, सहकार्य करा, निष्ठा दाखवा. मिन यासुई या पोर्टलंडच्या तरुण वकिलाने जपानी वंशाच्या लोकांवर लादलेली संचारबंदी मुद्दाम मोडली आणि नऊ महिने एकांतवास भोगला, त्याला या मंडळींनी स्वयंघोषित हुतात्मा ठरवलं. कोरेमात्सुशीही छावणीत लोक अंतर राखूनच वागत. त्याच्या मुलीला बापाचा खटला कळला तो शाळेत, एका मैत्रिणीने वर्गात माहिती सांगितली तेव्हा. एंडोबाईंच्या मुलीलाही विशी उलटेपर्यंत काही ठाऊक नव्हतं. आपल्याकडे एवढं केलं असतं तर चौकाला नाव आणि नातवाला तिकीट ठरलेलं.

आता इथली माणसं लगेच सांगतात, आम्ही चूक कबूल केली. 1988 मध्ये कायदा करून हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर आणि माफीचं पत्र. खरं आहे. पण तो कौतुकाचा सूर कानावर आला की मला आपली पहिली निवडणूक आठवते. 1951-52 मध्ये आपण सगळ्यांना एकदम मत दिलं. इथल्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांना ते खऱ्या अर्थाने मिळायला 1965 चा कायदा यावा लागला. हे मी नवऱ्याला ऐकवत होते, तर त्याने देवलीचा विषय काढला. 1962 मध्ये आपण चिनी वंशाच्या सुमारे 3,000 लोकांना आसाम-बंगालमधून उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं होतं. लढाई महिन्याभरात संपली, काही लोक तिथे काही वर्षं राहिले. पैसे नाहीत, माफी नाही. मी म्हटलं, चीन दारात येऊन ठेपला होता. तो म्हणाला, इथेही तेव्हा युद्धच चालू होतं की. मी कुकर लावायला उठले.

आणि महाड. 20 मार्च 1927 आपल्याला पाठ आहे. सभेनंतर मंडपात जेवायला बसलेल्यांवर लाठ्या घेऊन लोक चालून आले आणि हायकोर्टाचा निकाल 1937 मध्ये लागला, हेही बऱ्याच जणांना माहीत असेल. पण त्या दिवशी मार खाल्लेल्यांपैकी चार नावं सांगा म्हटलं तर? मला येत नाहीत.

हे सगळं आत्ताच का, तर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक वकीलबाई नावं मागत आहेत. व्हिसाधारकांच्या जोडीदारांच्या वर्क परमिटचं नूतनीकरण रखडतं, नोकऱ्या सुटतात, त्याविरुद्ध दावा करायचा आहे. माझीही नोकरी त्यापायी मध्ये थांबली होती. गटात रोज तावातावाने लिहिणारे सगळे त्या मेसेजवर अंगठा उठवून गप्प झाले. मीही. एंडोबाई नागरिक होत्या, त्यांना हाकलून कुठे पाठवणार होते? आमच्या अर्जात सोशल मीडियाची खातीसुद्धा लिहून द्यावी लागतात, आणि ग्रीन कार्डची रांग तुम्हाला माहीत आहे. शिवाय नाव माझं एकटीचं जाणार नाही, नवऱ्याचा व्हिसा आहे, लेकीची शाळा आहे. वकीलबाईंनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर कुणीतरी नाव देईलच, गटात माणसं काय कमी आहेत.