कोण आलं, आजी?

सकाळचे सव्वासात. इंग्लंडात बर्मिंगहॅमला नर्स म्हणून येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. ऐंशी ओलांडलेल्या एक आजी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या आणि त्यांना बाथरूमला न्यायचं म्हणून मी वॉकर पुढे घेत होते. उभं राहता राहता त्या हळूच म्हणाल्या, "आय हॅव कम ओव्हर ऑल फनी." कम ओव्हर म्हणजे कुणाकडे येणं-जाणं, असं मी शिकून आले होते. मला वाटलं, लेक भेटायला आली असेल. मी दाराकडे वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं. मान परत वळवली तोवर आजींची बोटं वॉकरच्या दांडीवरून निसटत होती, ओठ पांढरेफटक पडले होते. कमरेला विळखा घालून कसंबसं त्यांना गादीवर टेकवलं. वरचं बीपी ८८.

त्या मला सांगत होत्या, "मला कसंतरीच होतंय गं." आणि मी पाहुणे शोधत होते.

मिरजेत नर्सिंग झालं, तिथेच सहा वर्षं वॉर्ड केला, इंग्रजीची परीक्षाही चांगल्या मार्कांनी काढली. त्या वाक्यातला एकेक शब्द मला येत होता, तरी वाक्य कळलं नाही. हे मला फार लागलं. त्या दिवसापासून गणवेशाच्या खिशात एक छोटी वही ठेवायला लागले. ड्यूटी बदलताना ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, घेताना जे कानावर पडेल ते लिहायचं, अर्थ नंतर. 'ही हॅज गॉन ऑफ हिज फूड' : अन्नावरची वासना उडाली. 'शी केम आउट इन अ रॅश' : अंगावर पुरळ उठलं. 'ही इज कमिंग डाउन विथ समथिंग' : कसला तरी आजार भरतोय अंगात. 'ही ब्रॉट इट ऑल अप' : खाल्लेलं सगळं उलटून पडलं. 'शी केम राउंड ॲट फोर' : चारला शुद्धीवर आली.

वही अर्धी भरल्यावर एका रात्री सलग वाचत बसले आणि एक गोष्ट लख्ख दिसली. आपल्याकडे आजार येतो, माणूस जागच्या जागी असतो. ताप येतो, चक्कर येते, खोकला लागतो, पुरळ उठतं, कावीळ होते. माणसाला नुसता 'ला' नाहीतर 'ना' लागतो : मला, बाबांना, आजींना. इथल्या बोलण्यात हलतो तो माणूस. तोच आजाराला घेऊन खाली येतो, तोच पुरळात बाहेर येतो, जेवणावरून बाजूला जातो, घेरी आली की 'ओव्हर' येतो. 'आय हॅव अ टेम्परेचर' असंही म्हणतातच, पण माझ्या वॉर्डातली म्हातारी माणसं स्वतःच्या अंगाबद्दल बोलायला लागली की हटकून ही येण्या-जाण्याची क्रियापदं निघतात. आणि 'कम' कानावर पडलं की आपलं मराठी डोकं विचारतं : कोण आलं? 'शुद्धीवर येणं' एवढं मात्र आपल्यातही आहे, तिथे आपणही माणसालाच आणतो. म्हणूनच असेल, 'केम राउंड' मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं.

दुसरा प्रसंग मला याहून जास्त बोचतो. एका आजोबांचं श्रवणयंत्र बंद पडलं होतं. त्यांची मुलगी आली तेव्हा मी सांगितलं, "आय हॅड टू शाउट ॲट हिम ऑल मॉर्निंग." तिचा चेहरा एकदम उतरला. मला म्हणायचं होतं, सकाळपासून त्यांना ओरडून सांगावं लागतंय. तिला ऐकू गेलं, मी सकाळभर त्यांच्या अंगावर ओरडतेय. 'शाउट टू' म्हणजे आवाज पोचावा म्हणून ओरडणं. 'शाउट ॲट' म्हणजे माणसावर ओरडणं. शेजारी उभ्या असलेल्या सीनियर सिस्टरनं तिथल्या तिथे सावरून घेतलं, मीही हात जोडून माफी मागितली. चेंडूचंही तसंच. 'थ्रो टू' म्हणजे झेलायला टाकणं, 'थ्रो ॲट' म्हणजे नेम धरून मारणं. हा फरक आपल्या भाषेत नाही असं नाही. 'त्यांना ओरडून सांगितलं' आणि 'त्यांच्यावर ओरडले' यांत आपण कधी गल्लत करतो का? फक्त आपला फरक 'ना' आणि 'वर'मध्ये बसलाय, त्यांचा 'टू' आणि 'ॲट'मध्ये.

याच शहरात या विषयावर केवढं काम झालंय, ते मला इथल्या लायब्ररीत कळलं. बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक जॉन सिंक्लेअर यांनी १९८० मध्ये कोबिल्ड नावाचा प्रकल्प सुरू केला. लोक खरोखर लिहितात-बोलतात ते इंग्रजी लाखो शब्दांनी संगणकात भरायचं आणि त्यातून शब्दाचा अर्थ काढायचा, ही त्यामागची कल्पना. त्यातून १९८७ मध्ये शब्दकोश निघाला. त्यात क्रियापदाचा अर्थ सुटा दिलेला नसतो, पूर्ण वाक्यात असतो : तुम्ही अमुक केलंत, तर तमुक होतं. म्हणजे करणारा कोण, कुणाला, मध्ये कोणता शब्द, हे सगळं त्या अर्थाच्या आतच आलं. पुढे १९९६ मध्ये याच मंडळींनी क्रियापदांच्या साच्यांवर पुस्तक काढलं. एका साच्यात बसणाऱ्या क्रियापदांचे अर्थही गटागटानं जवळचे निघतात, असं त्यांनी दाखवलं. शाउट, बार्क, स्नॅप या सगळ्यांमागे 'ॲट' येतो आणि सगळ्यांत समोरच्यावर खेकसणं आहे. ते वाचलं तेव्हा त्या आजोबांच्या मुलीचा चेहरा पुन्हा डोळ्यांसमोर आला.

आठवीला संस्कृत घेतलेल्यांना ते सुभाषित आठवत असेल : 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥' उपसर्ग धातूचा अर्थ ओढून भलतीकडे नेतो. जुनी इंग्रजीही असाच तुकडा क्रियापदाच्या आधी लावायची. गिव्हचं फर्गिव्ह, स्टँडचं अंडरस्टँड ही त्या काळची. पुढच्या शतकांत तुकडा मागे जाऊन बसायला लागला आणि 'गिव्ह अप', 'स्टँड बाय' अशी जोडी रूढ झाली. आपण मराठीत हे काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो. रोज गोळ्या देताना मी 'ड्रिंक अप' म्हणते तेव्हा मनात 'पिऊन टाका' असतं. त्या 'अप'मध्ये काहीही वर जात नाही, आणि आपल्या 'टाका'तही कुणी काही टाकत नाही.

तिकडे परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली मला मेसेज करतात : ताई, यादी पाठवा ना. यादी मी पाठवत नाही. माझ्याकडेही 'कम ओव्हर' यादीतच होतं, एका अर्थासकट. पूर्ण वाक्य लिहा, कोण कुणाला म्हणालं तेही लिहा, आणि शेजारी आपल्याकडची आजी तेच कसं म्हणाली असती ते लिहा. एक अगदी साधी गोष्ट : अर्जात 'आय पास्ड आउट इन २०१५' लिहू नका. तुम्ही शिक्षण पूर्ण केलंत हे आपल्या देशात कळतं. इथे, लष्करी संचलन सोडलं तर, 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं.

गेल्या हिवाळ्यात केरळची एक नवी मुलगी माझ्या हाताखाली आली. तिसऱ्याच दिवशी, रात्रपाळीत, एक बाई पलंगावरून उठता उठता म्हणाल्या, "ओह डिअर, आय हॅव कम ओव्हर..." पोरीनं दाराकडे बघितलं. मी पलीकडच्या बेडला सलाईन लावत होते, तिथूनच ओरडले, "होल्ड हर!" तिनं धरलं. अर्थ मी तिला नंतर, बाई नीट निजल्यावर, पॅन्ट्रीत चहा पिताना सांगितला.