पहाटेच्या ओव्यांसाठी कोणतं यंत्र?

नेत्ररुग्णालयाच्या लो व्हिजन विभागात मी काम करते. चष्म्यानं किंवा शस्त्रक्रियेनं ज्यांची नजर आणखी सुधारणार नाही, अशी माणसं आमच्याकडे येतात. ‘वाचायला ई-रीडर घेऊ की टॅब्लेट?’ हा प्रश्न आता नेहमीचा झालाय आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ई-रीडर डोळ्यांना चांगला, टॅब्लेट वाईट. सासवडकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं वाचनच या समजुतीपायी बंद पडलं होतं.

बाईंना दोन्ही डोळ्यांत सुका एएमडी, म्हणजे वयोमानानं पीतबिंदू झिजण्याचा आजार. दृष्टिपटलाचा मधला भाग, पीतबिंदू, झिजलेला. कडेचं दिसतं म्हणून घरात वावरायला अडचण नाही, पण जिथे रोखून बघावं नेमका तिथेच डाग. छापील पोथी दिसेनाशी झाली तेव्हा बंगळुरूच्या मुलानं सहा इंची ई-रीडर पाठवला. त्यावरही जमेना. घरात दहा इंची टॅब्लेट पडून होता, पण पडद्याच्या निळ्या प्रकाशानं उरलीसुरली नजर जाते असा निरोप मोबाइलवर आलेला. बाईंनी त्याला हात लावला नाही. लेक दोन्ही यंत्रं पिशवीत घालून त्यांना घेऊन आली होती.

आधी ई-रीडर उघडला. त्यात ज्ञानेश्वरी होती, पण पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ. अक्षर मोठं करण्याची सोय अशा फाइलवर चालत नाही, कारण यंत्राच्या लेखी तिथे अक्षर नसतंच, नुसतं चित्र असतं. ते ताणलं की अर्धी ओवी पडद्याबाहेर. दुसरी फाइल टाइप केलेली होती, पण युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये. ई-रीडरसाठी रूपांतर करताना मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं उमटली होती. ही पानं धडधाकट नजरेलाही वाचता आली नसती! आणि बाई इतके महिने आपल्या डोळ्यांनाच बोल लावत होत्या.

मराठी विकिस्रोतावर ज्ञानेश्वरीचा युनिकोड पाठ आहे, तो ईपबमध्ये, म्हणजे अक्षर लहान-मोठं करता येणाऱ्या ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये, उतरवून घेता येतो. तो दोन्ही यंत्रांत घातला आणि खरी तपासणी सुरू केली. जेमतेम ओळखू येणाऱ्या अक्षराच्या साधारण दुप्पट आकार सलग वाचायला लागतो. बाईंच्या आकाराला सहा इंची पडद्यावर ओळीत दोन-तीन शब्द बसत होते. ओवीचे चरण आखूड, त्यामुळे तेवढ्यावर भागलं असतं. अडलं ते काळ्या-पांढऱ्यातल्या फरकापाशी. पेली-रॉबसनच्या तक्त्यात सगळी अक्षरं एकाच आकाराची असतात, फक्त फिकी होत जातात. त्यावर बाई फार लवकर थांबल्या. ई-इंकचा, म्हणजे ई-रीडरच्या पडद्याचा, पांढरा रंग मुळात करडा, वर्तमानपत्राच्या कागदासारखा. आतला दिवा वाढवला तरी पार्श्वभूमी आणि अक्षर दोन्ही उजळतात, फरक तेवढाच राहतो. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ त्यांना वेगळे काढता येईनात. अनुस्वार तर दिसतच नव्हते.

खिडकीशी उन्हात नेलं तेव्हा मात्र तोच ई-रीडर बराच वाचता आला. झिजलेल्या पीतबिंदूला भरपूर उजेड लागतो आणि ई-इंक उन्हात खुलतं. टॅब्लेटवर उलट सगळं आभाळ चमकायला लागलं. मी विचारलं, “बाई, तुम्ही वाचता कधी?”

“अगं, पहाटे. पाचच्या आत बसते मी.”

पाचला ऊन कुठून आणणार? टॅब्लेटच हवा होता, पण आधी भीती काढायची होती. फोन-टॅब्लेटच्या प्रकाशानं दृष्टिपटलाला इजा होते असा पुरावा नाही. दिवसाच्या उघड्या आभाळाचा उजेड त्याच्या कितीतरी पट असतो. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, एवढं खरं. हे मी सावकाश, पुन्हा पुन्हा सांगितलं. असे निरोप पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मग टॅब्लेटवर काळ्यावर पांढरी अक्षरं लावली. बाईंनी पहिली ओवी घडाघडा म्हटली. त्यावर मी विसंबले नाही, त्यांना ती तोंडपाठ असणारच. त्या दिवशीची बातमी उघडून दिली. नजर शब्दाच्या किंचित वर ठेवा म्हणजे डाग बाजूला सरेल, हेही शिकवलं. बाई अडखळत, मग नीट वाचू लागल्या. धरणाच्या विसर्गाचा आकडासुद्धा बरोबर सांगितला. लेक तोंडाला पदर लावून उभी होती.

मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाज त्यांनी ऐकला आणि नको म्हणाल्या. “ओवी अशी म्हणतात होय? मी माझी वाचीन.” टॅब्लेटचं वजन जवळजवळ अर्धा किलो, तासभर हातात धरवणार नाही. त्यावर त्यांनीच तोड काढली: पोथी ठेवायचं व्यासपीठ घरात होतंच, खाली पाट घालून ते उंच करायचं. ई-रीडरही ठेवून घ्या म्हटलं, दुपारी ओसरीवर उन्हाच्या तिरिपेत बसायला.

पुढच्या भेटीआधी लेकीनं बाईंची कीर्तन-निरूपणाच्या टिपणांची जुनी वही युनिकोडमध्ये टाइप करून दोन्ही यंत्रांत घातली होती. बाई आल्या त्या एक कागद घेऊनच. जाड स्केच पेननं लिहिलेली शुद्धलेखनाच्या चुकांची यादी होती. तीन ठिकाणी ‘ध’चा ‘घ’ झाला होता.