आमची वाटचाल : एका वर्षात दोन हंगाम

२०१५ च्या जूनमध्ये पुण्याच्या एका हॉटेलातून आमच्या शिराझ या रेड वाईनची चाळीस खोकी परत आली. टेम्पोवाल्याने ती शेडच्या दारात उतरवली आणि एक चिठ्ठी हातात दिली. वाईनला नेलपॉलिशचा वास येतोय, एवढंच तिच्यात लिहिलं होतं. मी एक बाटली उघडली. वास येत होता. रोज त्याच टाक्यांत वावरल्यामुळे माझं नाक त्याला सरावलं होतं, म्हणून तोवर तो जाणवलाच नव्हता. नाना, म्हणजे माझे वडील, खोक्यांवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "द्राक्ष चांगलं होतं रे."

द्राक्ष खरंच चांगलं होतं. दिंडोरी तालुक्यात आमची पंधरा एकर बाग. नानांनी आयुष्यभर थॉमसन आणि सोनाका ही खायची द्राक्षं पिकवली. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, वायनऱ्यांना सवलती मिळाल्या आणि आमच्या भागात कराराने वाईनची द्राक्षं लावायची लाटच आली. आम्ही २००६ ला सहा एकर लावली, अर्धी शिराझ, अर्धी व्हाईट वाईनची शेनिन ब्लाँ. पुढे मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, वायनऱ्यांच्या टाक्या तुंबल्या आणि आमच्या खरेदीदाराने माल घ्यायला नकार दिला. वाईनचं द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही. मणी बारका, बी जास्त, साल जाड. शेजारच्या कितीतरी बागांवर कुऱ्हाड चालली. नाना मात्र वेल उपटायला तयार होईनात. २०१२ साली परवाना काढून, जिल्हा बँकेचं कर्ज डोक्यावर घेऊन, चार टाक्यांवर आम्ही स्वतःची वायनरी सुरू केली. वाईन करायचं शिक्षण म्हणजे पंधरा दिवसांचा एक कोर्स आणि दोन पुस्तकं.

बाहेरून जाणकार आणायचं या धंद्यात नवं नाही. नाशिकच्या सुला वायनरीच्या राजीव सामंतांनी कॅलिफोर्नियाचे वाईनमेकर केरी डॅमस्की यांना सोबत घेऊन २००० साली पहिली वाईन बाजारात आणली. बंगळुरूजवळ नंदी हिल्सला वायनरी काढणाऱ्या ग्रोव्हर कुटुंबाने फ्रान्सचे वाईनतज्ज्ञ मिशेल रोलां यांचा सल्ला घेतला. पण ही मोठ्या भांडवलाची कामं, असं मी धरून चाललो होतो. वर्षाला चाळीस हजार लिटर काढणाऱ्या वायनरीकडे परदेशातला माणूस कशाला येईल?

खोकी परत आल्यावर ओळखीतून एका ऑस्ट्रेलियन सल्लागाराला गाठलं. ते डिसेंबरात आले, पाच दिवस राहिले आणि चार पानांची कृती लिहून देऊन गेले. खरी गरज पडली फेब्रुवारीत, आमचा खुडा ऐन भरात असताना. तेव्हा ते फोनला येईनात. दोष त्यांचा नव्हता. फेब्रुवारी-मार्च हा त्यांच्याकडचाही खुड्याचा काळ. दक्षिण गोलार्धातला माणूस आमच्या हंगामात त्याच्या स्वतःच्या हंगामात अडकलेला असतो, ही साधी गोष्ट मी पैसे मोजून शिकलो. याची दुसरी बाजूही मग ध्यानात आली. युरोपातला खुडा ऑगस्टात सुरू होतो आणि ऑक्टोबरात उरकतो. नोव्हेंबरात तिथला तरुण वाईनमेकर मोकळा असतो. वाईनचं काम वर्षातून एकदाच हाताखालून जातं. तीस वर्षं नोकरी केली तरी तीसच हंगाम. अशा माणसाला एका वर्षात दुसरा हंगाम मिळत असेल, तर तो विमानाने आठ-दहा तास यायला तयार होतो. आमच्याकडे देण्यासारखं काही होतं, ते हेच.

तरी पहिला आलेला फ्रेंच मुलगा सात आठवड्यांत परत गेला. ती चूक सर्वस्वी माझी. त्याला मी नाशिकला कॉलेज रोडजवळ फ्लॅट घेऊन दिला होता. चांगला, एसीवाला. सकाळी गाडी न्यायची, रात्री आणून सोडायची. त्याच्याशी जेवताना बोलायला कुणी नाही, रविवारी जायला जागा नाही. घरात परदेशी माणूस ठेवला की तेव्हा चोवीस तासांत त्याच्या माहितीचा सी फॉर्म भरावा लागायचा, हेही मला ठाऊक नव्हतं. पोलीस चौकशीला दारात आले तेव्हा तो एकटाच होता आणि घाबरला. वर, टाकीतल्या कुठल्याही गोष्टीला हात लावायचा तर माझी परवानगी लागायची. जाताना त्याने अगदी शांतपणे सांगितलं, "तुम्ही मला बोलावलंत, पण काम दिलं नाहीत." त्या वाक्याने माझी बरीच झोप उडवली.

पुढच्या वेळी जाहिरात लिहायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, खरं आहे ते लिहा. मग लिहिलं : चार टाक्या आहेत, एक गळते. रेड वाईनला वास येतो. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल. लाईट जाते. पण खुड्याची तारीख तुम्ही ठरवाल, आणि पाचशे लिटरच्या दोन नव्या टाक्या फक्त तुमच्या प्रयोगांसाठी असतील, त्यांत काय करायचं ते आम्ही विचारणार नाही. सहा अर्ज आले. त्यांतली एक मुलगी पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, वाईनशास्त्राची पदवी घेतलेली, चार हंगाम केलेली. तिने पगाराआधी विचारलं, "कोणती टाकी गळते?"

पगाराचं इथे सांगायला हवं, कारण छोटा उद्योजक तिथेच अडतो. रोजगार व्हिसासाठी परदेशी माणसाला वर्षाला किमान १६.२५ लाखांच्या हिशेबाने पगार द्यावा लागत होता, म्हणजे महिन्याला सव्वा लाखाच्या वर. शिवाय परदेशी कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीला आपल्याकडची पंधरा हजारांची मर्यादा लागू होत नव्हती, पूर्ण पगारावर तो भरावा लागायचा. तिचा व्हिसा एकशे ऐंशी दिवसांहून जास्त मुदतीचा होता, म्हणून आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणीही करावी लागली. हे सगळं आम्ही सीएकडून आधीच मांडून घेतलं. नवीन ट्रॅक्टर घ्यायचा होता, तो पुढे ढकलला.

आमचे मुकादम पंधरा वर्षांपासून आमच्याकडे. त्यांना पगाराचा आकडा बाहेरून कळला असता तर मन दुखावलं असतं, आणि ते रास्तच असतं. म्हणून मीच त्यांना घरी बोलावून आकडा सांगितला, सरकारी अट काय आहे ती दाखवली आणि त्यांचाही पगार त्याच महिन्यापासून वाढवला. बाहेरचा माणूस टिकवायचा असेल तर घरच्या माणसाचा मान आधी राखावा लागतो. पुढे या दोघांची जी जोडी जमली, तिच्यावरच वायनरी उभी राहिली.

२०१८ च्या नोव्हेंबरात ती आली. या वेळी फ्लॅट घेतला नाही. बागेच्या कडेचं जुनं दोन खोल्यांचं घर दुरुस्त केलं, गिझर बसवला, स्वयंपाकाचा ओटा बांधला. तिसऱ्या दिवशी तिने हातात टॉर्च घेऊन टाक्यांची झाकणं उघडायला लावली. शिराझची टाकी अर्धीच भरलेली होती. बोट आत दाखवून ती म्हणाली, "वरची ही रिकामी जागा म्हणजे हवा. हवा आणि ऊब मिळाली की वाईनचं व्हिनेगर व्हायला लागतं. तुमचा वास इथून येतो." तीन वर्षं आम्ही यीस्ट बदलत होतो, द्राक्षाला दोष देत होतो, आणि दुखणं होतं अर्ध्या भरलेल्या टाकीत. पहिल्या हंगामात तिने नवं काहीच केलं नाही. टाक्या काठोकाठ भरून ठेवणं, उरलेली वाईन लहान भांड्यांत काढणं, पाईप आधी कॉस्टिकने आणि मग सायट्रिक ॲसिडने धुणं, आणि रोज सकाळी सातला प्रत्येक टाकीची चव घेऊन वहीत लिहिणं. एवढंच. त्या वर्षीच्या शिराझचं एकही खोकं परत आलं नाही.

भाषेची अडचण येईल असं वाटलं होतं. एके दिवशी मुकादम पोरांवर ओरडले, "ते पिंप इकडं घ्या!" ती चमकून वळली. त्यांच्याकडे पोर्ट वाईन ठेवायच्या लाकडी पिंपाला 'पिपा' म्हणतात. मग चावी निघाली, पगार निघाला, बादली निघाली. हे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेले, आणि आपण ते चारशे वर्षं आपलेच म्हणून वापरतोय. बायका दिवसभर तिला शब्द विचारत आणि हसत. आठवडाभरात ती मॅडमची ताई झाली. माझ्या आईच्या हातची बाजरीची भाकरी तिला आवडायची, पण ठेच्याला ती शेवटपर्यंत घाबरली.

खरी परीक्षा २०२० च्या जानेवारीत झाली. आमच्या तालुक्यात काही वर्षांपासून शांदों या फ्रेंच कंपनीची फेसाळ वाईन तयार होत होती, त्यामुळे शेनिन लवकर खुडायची पद्धत आम्ही पाहिली होती. पण ती मोठ्या कंपनीची गोष्ट. तिला प्रयोगाच्या टाक्यांत तेच करायचं होतं. रसातली साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा होता साडेसतरा ब्रिक्स, म्हणजे साधारण साडेसतरा टक्के साखर. नाना म्हणाले, "अजून बारा दिवस थांबा, गोडी येऊ द्या." साठ वर्षं बाग केलेला माणूस कच्चं द्राक्ष खुडायला कसा तयार होईल? तिला मात्र आंबटपणा हवा होता. आपल्याकडच्या उन्हात गोडी चढता चढता तो झपाट्याने उतरतो, आणि फेसाळ वाईनचा जीव त्यातच असतो. दोघं माझ्याकडे बघत होते. जाहिरातीत मी लिहून दिलं होतं, तारीख तुम्ही ठरवाल. नानांना मी म्हणालो, शब्द दिलाय. ते काही न बोलता घरी गेले. रात्री दोनला खुडा सुरू झाला, कारण गारव्यात घड तोडला की रस ताजा राहतो. साडेतीनला बांधावर बॅटरी दिसली. नाना स्वेटर-मफलर घालून आले, एक क्रेट उचलली आणि कामाला लागले.

मार्चमध्ये सुमारे तेराशे बाटल्या भरल्या, आत थोडी साखर आणि यीस्ट घालून, वर लोखंडी बूच. दुसरी आंबवण बाटलीतच होते. आठच दिवसांनी लॉकडाऊन लागला. तिच्या वकिलातीकडून परतीच्या विमानाबद्दल विचारणा झाली. आम्ही तिला सांगितलं, जा, घरचे काळजीत असतील. दोन दिवस विचार करून ती म्हणाली, बाटल्यांमध्ये आत्ता दाब तयार होतोय, मी जाऊ शकत नाही. एप्रिलच्या एका दुपारी वीज गेली, जनरेटर सुरू होईना, तळघराचं तापमान चढायला लागलं. अकरा बाटल्या एकामागून एक फुटल्या. मुकादम, ती आणि मी गोणपाट विहिरीच्या पाण्यात भिजवून बाटल्यांवर टाकत होतो, दर वीस मिनिटांनी, रात्री साडेनऊपर्यंत. डोळ्यांना काच लागू नये म्हणून तिने मुकादमांना स्वतःचा चष्मा दिला आणि आपण हेल्मेट घातलं.

ऑक्टोबरात ती घरी गेली. त्या सहा महिन्यांत गावातल्या बीएस्सी झालेल्या दोन मुलींना तिने पीएच, आम्लता आणि सल्फर मोजायला शिकवलं. त्यातली एक आज आमची वाईनमेकर आहे. उरलेल्या बाटल्या २०२१ च्या नाताळात बाजारात गेल्या आणि त्याच पुण्याच्या हॉटेलाने साठ खोकी घेतली.

२०२२ साली तिच्या वडिलांच्या मळ्यावर आमच्या मुकादमांचा मुलगा खुड्याला गेला. मीच पाठवला. मोठा खर्च वाटला, तरी ती ओळख एकतर्फी ठेवायची नव्हती. दगडी हौदात गुडघाभर द्राक्षात उभं राहून रस तुडवतानाचा त्याचा व्हिडिओ गावात सगळ्यांनी पाहिला. परत आल्यावर त्याने शिराझच्या एका छोट्या हौदात तसंच करून पाहिलं. ती टाकी वेगळी ठेवलीय, अजून बाटलीत भरलेली नाही.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात कुणी ना कुणी येतं. कुणी एक हंगाम राहतं, कुणी दोन. तीच त्यांना निवडून पाठवते, तिच्या शब्दावर ते येतात. जाहिरात पुन्हा द्यावी लागली नाही. यंदा येणाऱ्याने आधीच विचारलंय, गळकी टाकी दुरुस्त झाली का. झालीय. घराला कालच चुना मारला, आई म्हणतेय नवीन गादी भरून घ्यायला हवी, आणि ओट्यावरचा नळ अजून घट्ट बसत नाही, त्यासाठी उद्या प्लंबर यायचाय.