फुकट इंटरनेटच्या आड मी का आलो

"गरिबाला फुकट इंटरनेट मिळत होतं, त्यात तुमचं काय जात होतं?" नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे कंपनीनं सगळ्या साइट्सना सारखंच वागवायचं या तत्त्वाचा, विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास येतो. 2015 च्या एप्रिलमध्ये ट्रायला, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या सरकारी नियामकाला, या तत्त्वाच्या बाजूनं ईमेल धाडणाऱ्या 10 लाखांहून जास्त लोकांत मी होतो, आणि डिसेंबरात फ्री बेसिक्सच्या, म्हणजे फेसबुकच्या त्या फुकट योजनेच्या, विरोधातही लिहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे, ते इंटरनेट नव्हतंच. फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर आणलेली ती मोजक्या साइट्सची यादी. यादीत शिरायचं तर अटी फेसबुकच्या: व्हिडिओ नको, जड फोटो नकोत, नेटवरून कॉल नकोत. म्हणजे हवामान फुकट वाचा, पण दहावीचं गणित समजावणारा व्हिडिओ बघायचा तर पैसे टाका. फुकट ते पौष्टिक हे खरं, पण ताटात काय वाढायचं ते वाढपीच ठरवणार, आणि पहिला घास नेमका त्याच्याच दुकानातला.

8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायनं मजकूर बघून डेटाचे वेगळे दर लावायला बंदी घातली. नियम मोडला तर दिवसाला 50 हजार, जास्तीत जास्त 50 लाख दंड. (या कंपन्यांना तो चहापाण्याचा खर्च.) फ्री बेसिक्सनं गाशा गुंडाळला.

आम्ही जिंकलो, पण आमचं म्हणणं कसाला लागलंच नाही. त्याच सप्टेंबरात जिओ आलं, डेटाचे दर कोसळले आणि तुमचा गरीब सगळंच नेट बघायला लागला. डेटा महागच राहिला असता, तर आज तुमच्यासमोर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो.

आणखी एक कबुली. एप्रिलचा तो ईमेल माझा नव्हता. लोकांची मतं मागवणारा ट्रायचा कागद 118 पानांचा, प्रश्न 20; मी तयार उत्तरं चिकटवली. डिसेंबरात फेसबुकनं लोकांकडून एका क्लिकवर ट्रायला फ्री बेसिक्सच्या बाजूचे निरोप पाठवून घेतले, तेव्हा 'विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत' असं ट्रायनं सुनावलं. मी मनसोक्त हसलो होतो. खरं तर मला तोंड नव्हतं.

2023 च्या जुलैत ट्रायनं पुन्हा कागद काढला: व्हॉट्सॲपसारख्या ॲप्सवर नियमन हवं का? टेलिकॉम कंपन्यांचं गाऱ्हाणं जुनंच, जाळं आमचं आणि कमाई त्यांची. या वेळी उत्तर मी स्वतः लिहिलं. जेमतेम दीड पान झालं, आणि त्याला तीन रात्री लागल्या.