हासेगावाची बीएमडब्ल्यू २००२: रंग झाला, फॉइल सुरू आहे, आणि साध्या गाड्यांच्या किटची माझी यादी

बॉडीवरचा पिवळा रंग पूर्ण कडक झाला, त्यामुळे आता नोंद लिहायला हरकत नाही. किट, म्हणजे सुटे प्लॅस्टिकचे भाग जोडून करायचं मॉडेल, हासेगावा या जपानी कंपनीचं: १/२४ स्केलमधलं (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं) बीएमडब्ल्यू २००२ टीआयआय. खरी गाडी १९७१ची: दोन लिटरचं इंजिन, मेकॅनिकल फ्युएल इंजेक्शन, १३० अश्वशक्ती. मी ती शोरूममधून नुकतीच बाहेर पडल्यासारखी करतोय, बीएमडब्ल्यूच्याच त्या काळच्या ‘गोल्फ’ नावाच्या पिवळ्यात. शर्यतीची नाही, म्हणून नंबर नाही, स्पॉन्सर नाही, रोल केज (आतला संरक्षक पिंजरा) नाही.

पिवळ्याखाली गुलाबी प्रायमर मारला आहे. पिवळ्याची झाकण्याची ताकद मुळातच कमी. करड्या प्रायमरवर तो हिरवट, मळकट दिसतो आणि मग ते लपवायला थरांवर थर चढवावे लागतात. गुलाबीवर तोच रंग कमी थरांत भरीव आणि उबदार उठतो. थर वाचवायचे कारण साधं आहे. १/२४मध्ये ०.१ मिलिमीटर जाडीचा रंग म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटरचा लेप! दारांच्या फटी बुजतात, कडा बोथट होतात आणि एवढ्या मेहनतीची गाडी खेळण्यासारखी दिसते. म्हणून प्रायमरच्या आधीच सगळ्या पॅनल लाइन (दारं, बॉनेट यांच्या फटींच्या रेषा) स्क्रायबर या टोकदार हत्याराने किंचित खोल करून घेतल्या. पहिले दोन थर अगदी हलके, फवारा नुसता बसेल इतकेच, कारण ओला रंग धारदार कडांवरून मागे सरकतो आणि नेमकी तिथेच गुलाबी डोकावते. वरचा पारदर्शक क्लिअर कोटही पातळच ठेवला आहे. हार्डनर मिसळून वापरायच्या टू-के क्लिअरची चमक मलाही आवडते, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. चांगला रेस्पिरेटर आणि हवा बाहेर खेचणारा बूथ नसेल तर कुणीही त्याच्या वाटेला जाऊ नये. लॅकर क्लिअर आणि मग सबुरीने पॉलिश, एवढ्यानेही या गाडीला शोभेल अशी चकाकी येते.

आता फॉइल, म्हणजे क्रोमसाठी चिकटवायचं अतिपातळ चकचकीत धातूचं पान. २००२ची ओळख म्हणजे काचांच्या खालून गाडीला वेढून जाणारी चकचकीत पट्टी. मॉडेलवर ती मिलिमीटरपेक्षाही अरुंद आहे आणि बॉडीवरच उठावात घडवलेली आहे. पट्टीपेक्षा चांगला रुंद तुकडा कापायचा, चिमट्याने अलगद टेकवायचा, आधी बोटाने आणि मग टोक मऊ केलेल्या टूथपिकने दाबत जायचं. उठावाच्या दोन्ही कडा फॉइलवर स्पष्ट उमटल्या की नवं पातं घ्यायचं आणि जोर न लावता, नुसत्या पात्याच्या वजनाने कडेकडेने ओढायचं. पातं पट्टीकडे किंचित झुकलेलं असावं, म्हणजे चुकून खोल गेलंच तर रंगावर ओरखडा येत नाही. पात्याची धार गेली की ते फॉइल कापत नाही, फाडतं. त्यामुळे इथे पात्यांची काटकसर करू नये.

सगळ्यात अवघड जागा मागच्या बाजूच्या काचेची. तिच्या खालच्या कोपऱ्यात चौकट एकदम पुढे वळते. हाच तो ‘हॉफमाइस्टर किंक’, बीएमडब्ल्यूच्या डिझाइन विभागाचे प्रमुख विल्हेल्म हॉफमाइस्टर यांच्या नावाने ओळखला जाणारा. एका तुकड्यात ते वळण घ्यायला गेलं की आतल्या बाजूला सुरकुत्या जमतात. मी वळणाच्या टोकावर दोन तुकडे एकमेकांवर अगदी थोडे चढवले आणि त्या जोडावर टूथपिक सपाट फिरवली. फॉइल इतकं पातळ असतं की दाबल्यावर जोड नजरेला सापडत नाही. डावी बाजू अशी पूर्ण झाली आहे. तिरप्या उजेडात धरली की छपराची ती हलकी, काचेरी रेषा पहिल्यांदा खऱ्या गाडीसारखी वाटते. यासाठीच मी साध्या गाड्या करतो.

आणि इथेच माझं कंपन्यांकडे मागणं सुरू होतं. रेसिंग गाडीवर डिकॅल (चिकटवायची छापील चित्रं) असतात, नंबर असतात, डोळा तिथे गुंततो. साध्या सेडानला असा आडोसा नाही. छपराचा उतार, काचांचं प्रमाण, चाकांच्या कमानी, क्रोमची रुंदी यावरच ती उभी राहते किंवा पडते. शिवाय ती गाडी बघणाऱ्याने रस्त्यावर शेकडो वेळा पाहिलेली असते. शर्यतीतला एखादा प्रोटोटाइप दोन मिलिमीटर रुंद झाला तर फार थोड्यांना कळेल; घरोघरच्या गाडीचं बॉनेट जरा उंच झालं तरी लहान मूलसुद्धा ‘ही तशी दिसत नाही’ म्हणेल. किट बनवणाऱ्याची आणि जोडणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे, आणि कंपन्यांच्या यादीत नेमक्या याच गाड्या विरळ.

कारण समजतं. पोलादी साचा महाग असतो, गाडीच्या कंपनीचा परवाना घ्यावा लागतो, आणि फेरारी, ९११, स्कायलाइन हमखास खपतात. पण धाडस केलेल्यांची उदाहरणंही आहेत. एब्रोने सिट्रोएन डीएस आणि रेनॉ ४ काढल्या. टामिया या किटच्या कंपनीत फॉर्म्युला वन किट घडवलेल्या किया फुमितो यांची ही कंपनी. त्यांना वाटलं असतं तर रेसिंगपुरतंच थांबता आलं असतं. रेवेलने त्राबांट ६०१ काढली. या गाड्या कुणाच्या भिंतीवरच्या पोस्टरवर नव्हत्या, तरी ही किट जोडणाऱ्यांनी मनापासून जोडली आहेत.

माझ्या यादीत सर्वांत वर मर्सिडीज डब्ल्यू१२३. १९७६ ते १९८६ या काळात सुमारे २७ लाख गाड्या निघाल्या. नव्या साच्यातली साधी डिझेल सेडान हवी आणि त्याच साच्यातून पुढे इस्टेट. त्यानंतर प्युजो ५०४, १९६९ची युरोपियन कार ऑफ द इयर. तिच्या डिकीचा तो मोडल्यासारखा उतार पकडणं हे कुठल्याही डिझायनरला आव्हान आहे. मग व्होल्वो २४० इस्टेट. बीमॅक्सने २४० टर्बोची शर्यतीतली आवृत्ती छान काढली आहे, म्हणजे त्या चौकोनी नाकाचा अभ्यास झालेलाच आहे. आणि टोयोटा कोरोला! २०२१पर्यंत या नावाच्या ५ कोटींवर गाड्या विकल्या गेल्या, पण किटच्या दुनियेत कोरोला म्हटलं की एई८६ कूपेच समोर येते. पहिल्या पिढीची, १९६७ची चार दारांची कोरोला कुणी नीट केली तर मी एक जोडायला आणि एक जपून ठेवायला घेईन.

अमेरिकन किटबद्दल एकच मागणी: चार दारं. तिकडची किट वाढली ती डीलरकडच्या प्रोमो, म्हणजे जाहिरातीच्या, मॉडेलमधून, आणि प्रोमो बहुतेक दोन दारांच्या हार्डटॉपचे. १/२५ हे स्केलही त्याच परंपरेतून रुळलं. त्यामुळे टॅक्सी, पोलीस गाडी किंवा कुटुंबाची सेडान करायची तर आजही अनेकदा रेझिनच्या बॉडीकडे वळावं लागतं. जाता जाता, १/२४ आणि १/२५ शेजारी ठेवले तर फरक पडतो का, असं नेहमी विचारलं जातं. पडतो. माझी २००२ खऱ्यात साधारण ४.२३ मीटर लांब आहे. १/२४मध्ये ती १७६ मिलिमीटर भरते, १/२५मध्ये १६९. एकाच फळीवर सात मिलिमीटर डोळ्याला जाणवतात.

किटमध्ये इंजिन हवं की नको, हा वाद आहेच. या किटमध्ये इंजिन नाही, बॉनेट उघडत नाही, आणि मला त्याचं काहीही वाईट वाटत नाही. टामियाच्या लेक्सस एलएफएमध्ये इंजिन आहे आणि ते जोडताना मजा येते, हे खरं. त्याच कंपनीच्या जीआर सुप्रामध्ये नाही, तरी ती फळीवर कुठे उणी दिसत नाही. वेगळं बॉनेट म्हणजे फटी जुळवण्याची लढाई, आणि इंजिनासाठी लागणारी जादा स्प्रू (सुटे भाग धरून ठेवणारी प्लॅस्टिकची चौकट) म्हणजे साच्याचा जादा खर्च. तो खर्च वाचून जर एखादी ५०४ बाजारात येणार असेल, तर मी बंद बॉनेट आनंदाने स्वीकारेन. मात्र खालची बाजू आणि डॅशबोर्ड नीट हवेत. डॅशबोर्ड खिडकीतून रोज दिसतो.

लहान गोष्टी कंपन्यांनी आजच मनावर घ्याव्यात अशा. काचांचे मास्क (रंग लावताना काच झाकायच्या चिकटपट्ट्या) आधीच कापलेले द्यावेत. छापलेल्या रेषेवरून आपण कापण्यात तासन्‌तास जातात. क्रोमच्या भागांना स्प्रूचे जोड मागच्या बाजूला असावेत. बंपरच्या दर्शनी कडेवर जोड असला की तो तोडल्यावर पांढरा डाग राहतो आणि मग सगळं क्रोम ब्लीचमध्ये उतरवून पुन्हा करावं लागतं. आणि चाकं: सुटी चाकं मिळतात, पण भर मोठ्या व्यासाच्या अलॉयवर. १३ इंची साधं पोलादी चाक १/२४मध्ये जेमतेम १४ मिलिमीटरचं. तसा एक संच, दोन-तीन नमुन्यांच्या हबकॅपसह, कुणी काढला तर जुन्या सेडान करणारे सगळे घेतील. थ्रीडी प्रिंटिंगवाले छोटे उत्पादक हे काम करू लागले आहेत आणि चाकांच्या बाबतीत ते खरंच चांगलं आहे. पूर्ण प्रिंटेड बॉडी मात्र माझं मन घेत नाही. थरांच्या रेषा घासता घासता तीच नाजूक कड जाते, जिच्यासाठी गाडी घेतली.

नव्या किटच्या घोषणा बहुधा वर्षाच्या सुरुवातीला न्यूरेमबर्गच्या खेळणी मेळ्यात आणि मे महिन्यात शिझुओकाच्या हॉबी शोमध्ये होतात. दर वेळी मी याद्या वरपासून खालपर्यंत वाचतो, आणि एखाद्या ओळीत ‘चार दारं’ दिसली की पुन्हा वाचतो.

पुढचं काम: उजव्या बाजूची फॉइल, मग काचांभोवतीच्या रबराला सेमी-ग्लॉस काळा. निव्वळ काळा घेणार नाही, थोडा करडा मिसळणार, कारण या आकारात शुद्ध काळा फार कडक दिसतो. आसनांना मॅट तपकिरीवर अगदी हलकी सॅटिन चमक. चाकं लावण्याआधी पुढचा अॅक्सल गोंद न लावता बसवून उंची तपासायची आहे. त्या काळची २००२ रस्त्यापासून बऱ्यापैकी वर उभी असायची, आणि ती तशीच ठेवणार आहे.