लॉकरमधली वही

लॉकरधारक वारला की त्याचा लॉकर उघडण्याचं काम आमच्या शाखेत कुणालाच नको असतं. नॉमिनी हवा, बाहेरचे दोन साक्षीदार हवेत, आतली वस्तू अन् वस्तू यादीत उतरवायची, आणि वर घरातली भांडणं नेमकी त्याच कोंदट खोलीत उफाळतात. रत्नागिरीत एका पाटल्यांच्या जोडीवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर गेलेले मी पाहिलेत.

त्या दिवशी मात्र एकटी मुलगीच आली होती, मडगावहून. वडील आधी हवाई दलात वैमानिक, मग सिव्हिल इंजिनिअर. शाखेत सगळे त्यांना साहेबच म्हणायचे, कारण पासबुकातली आमची एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

लॉकरमध्ये सोनं नव्हतंच. डांबरगोळ्या, सिलिका जेलच्या पुड्या आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक जाड वही. साक्षीला आलेला शेजारचा दुकानदार चक्क हिरमुसला. "घरी वाळवी लागते ना," ताई म्हणाल्या, "म्हणून बाबांनी इथे ठेवली असेल."

वही म्हणजे वैमानिकाचं लॉगबुक. तारीख, विमानाचा प्रकार, काम, किती वेळ उडाले, शेरा. पानंच्या पानं डाकोटा, हवाई दलाचं जुनं वाहतुकीचं विमान. ११ डिसेंबर १९७१ समोर एकच ओळ : डाकोटा, पॅरा ड्रॉप, टांगाइल. शेऱ्याचा रकाना कोरा.

आम्हाला काही बोध होईना, म्हणून दारावरच्या फौजींना विचारलं. आमचे गार्ड मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. ते एकदम ताठच झाले. "मॅडम, त्या दिवशी २ पॅरा ही छत्रीसैनिकांची पलटण टांगाइलला, आताच्या बांगलादेशात, उतरवली होती. पूंगलीचा पूल ताब्यात घ्यायला, म्हणजे मैमनसिंगकडून ढाक्याला माघार घेणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडकते. आणि २ पॅरा म्हणजे मूळची आमचीच, मराठा पलटण." मग साहेबांनी हे आपल्याला कधी सांगितलं कसं नाही, म्हणून ते जरा रागावलेही.

ताईंना टांगाइल ठाऊक होतं. बाबांनी ए.एम.आय.ई.चे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या परीक्षेचे, पेपर नोकरीत राहून एकेक करून सोडवले, हेही त्यांनी सांगितलं. शेवटचं उड्डाण १९८७ चं; त्याखाली सही, शिक्का. मी वही मिटणार, तोच त्यांनी पान उलटलं.

पुढे तेच रकाने चालू होते. विमानाच्या प्रकाराखाली लिहिलं होतं, 'पानवल पूल'. कोकण रेल्वेचा तो ६४ मीटर उंचीचा पूल, रत्नागिरी आणि निवसरच्या मधला. तिथे खोल दरीतून परांची उभारण्याऐवजी पुलाचा तुकडा एका काठावर ओतायचा, जॅक लावून खांबांवरून पुढे सरकवायचा, मागे पुढचा तुकडा ओतायचा. त्यामुळे 'काम' या रकान्यात ओळीने 'ढकलला, ढकलला' असंच. "आमची गाडी पुलावर आली की लोक दरीचे फोटो काढायचे," ताई म्हणाल्या, "आणि बाबा कुरकुरायचे, खांब कुणी बघत नाही."

आणखी पुढे प्रकार होता 'लूना'. मार्ग : मारुती मंदिर ते भाट्ये आणि परत. शिकाऊ म्हणून ताईंचं नाव, सोबत 'ड्युअल', म्हणजे शिकवणारा बरोबर. शेरा : 'लँडिंग वाईट. ब्रेक उशिरा.' अशा बऱ्याच ओळी, प्रत्येक फेरीची मिनिटं मांडलेली, आणि मग एका ओळीत 'सोलो'. त्या दिवशीही शेरा नाहीच. ताई आधी हसल्या, मग बराच वेळ बोलल्या नाहीत. दुकानदाराने उगाच घसा खाकरला. मला यादी पुरी करायची होती. 'वापरलेली वही – १' एवढंच लिहिलं. दुसरं काय लिहिणार? सगळ्यांच्या सह्या झाल्या.

लॉकर त्यांनी सोडून दिला. वही बॅगेत टाकताना म्हणाल्या, पुण्याला जाऊन आधी भावाला दाखवते. त्याचीही पानं होती पुढे, लूनाचीच. शेवटची ओळ : 'पुन्हा ड्युअल. कुंपण बदलावे लागेल.'