सिस्टर, तुम्ही घेतला होता का शेक?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी सोडताना बाळंतिणीला काय काय सांगायचं ते माझं आता पाठ आहे; शेक-शेगडी टाळा, हे त्यात आलंच. ते संपलं की कुणीतरी हमखास विचारतं, "पण सिस्टर, तुम्ही स्वतः घेतला होता का शेक?" विचारणारी बहुतेक वेळा आई नाहीतर सासू. चेहऱ्यावर 'आता सापडली' असं स्वच्छ लिहिलेलं. मी "तेव्हाची गोष्ट वेगळी" म्हणून पुढच्या खाटेकडे सरकते.

घेतला होता. दोन्ही बाळंतपणांत. पहिल्या वेळी चाळीस दिवस, दुसऱ्या वेळी अठरा.

आधी एक स्पष्ट करते, कारण माझ्यावर 'चार बुकं शिकली आणि आईचं विसरली' असा शिक्का बसलाय. अहो, शेक आम्हीही देतो! खालच्या टाक्यांना पहिल्या दिवशी बर्फ, सूज उतरायला. मग कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून दोन-तीनदा. आमच्या ट्रेनिंगला तर इन्फ्रारेडचा दिवा असायचा, टाक्यांपासून दीड फुटावर धरायचा आणि घड्याळ बघत उभं राहायचं. दूध दाटून छाती दगड झाली की पाजण्याआधी गरम पाण्यात पिळलेला फडका. उष्णतेनं रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेला स्नायू सैल पडतो. आजीला यातलं काही माहीत नव्हतं, पण कंबर मोकळी होते एवढं पक्कं माहीत होतं, आणि ते खरंच होतं.

पहिली मुलगी माहेरी झाली. सुंभाची बाज, खाली शेगडी, निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा आणि बाळंतशोपा. खिडकी बंद, दाराला घोंगडी. तेल लावणारी मावशी गेली की त्या ऊबेत मी अशी झोपायचे की तशी झोप पुन्हा कधी लागली नाही. हे वॉर्डात सांगत नाही. सांगते ते निखाऱ्यांच्या वायूचं, कार्बन मोनॉक्साइडचं. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त जोरानं चिकटतो. माझं डोकं रोज दुपारी जड व्हायचं. आई म्हणायची, वारं लागलं, आणि कानाला आणखी एक फडकं बांधायची. बाळ त्याच खोलीत होतं.

दुसऱ्या वेळी सिझर झालं. १९९९ चा डिसेंबर. तोवर नोकरीला सहा वर्षं झाली होती, तोंडात जोर आला होता. शेगडी चालणार नाही म्हणून मी आईला निक्षून सांगितलं. ती दोन दिवस गप्प होती. मग तडजोड झाली: तव्यावर जाडं मीठ आणि ओवा भाजायचा, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि कंबर शेकायची. फक्त कंबर.

अठराव्या रात्री पोट ओढत होतं. मी पुरचुंडी तिच्या हातातून घेतली आणि टाक्यांच्या वर ठेवली. काहीच लागेना. "आई, अजून तापव." तिनं तापवली, स्वतःच्या मनगटाला लावून बघितली. "चटका बसतोय गं." मी म्हटलं, "तुझं मनगट राहू दे, माझं पोट मला कळतं." असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तिनं पुरचुंडी दिली आणि तोंड फिरवून बसली.

सकाळी पोटाचा पट्टा सोडला तर टाक्यांच्या वर दोन बोटांवर, जुन्या रुपयाएवढा, पाण्यानं टरारलेला फोड. दुखत नव्हता. दुखणार कसा? सिझरमध्ये कातडीच्या नसा कापल्या जातात, आसपासचा भाग महिनोन् महिने बधिर राहतो, काहींचा कायमचाच. हे मी शंभर बायकांना सांगितलं होतं. "तिथं गरम पिशवी ठेवू नका, भाजलं तरी कळणार नाही." अगदी याच शब्दांत.

आई काही बोलली नाही. पुरचुंडी सोडून मीठ परसात टाकून आली. त्यानंतर शेक बंद. शेजारपाजारी मात्र सांगत राहिली, "माझ्या हातून पोरगी भाजली."

आणि मी ते खोडलं नाही. वॉर्डात मी ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगतेय, 'एका पेशंटच्या आईनं हट्टानं शेक दिला आणि पोरगी भाजली' अशी. बायका घाबरतात, काम होतं. ती पेशंट मी. हट्टही माझाच. आईचं मनगट बरोबर सांगत होतं. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली.

तेव्हाच्या मला विचारलं तर ती म्हणेल, झोप नव्हती, पोट ओढत होतं, दुपट्यांचा ढीग पडला होता. बरोबर आहे. पण वॉर्डातली प्रत्येक बाई हेच म्हणते आणि मी तिला 'अडाणी' म्हणत नसले तरी तसं बघते. आपली गोष्ट खरी सांगितली तर त्या शेगडी ठेवतील, याची मला धास्ती आहे. खोटी सांगून निदान काही जणींनी तरी ठेवली नसेल. हा हिशेब मी कितीदा मांडला, दर वेळी उत्तर वेगळं येतं.

गेल्या महिन्यात सिझरची एक पोरगी निघताना हळूच म्हणाली, "सिस्टर, आई ऐकणार नाही, शेगडी ठेवणारच. काय करू?" मी इकडेतिकडे बघितलं आणि सांगितलं, दार उघडं ठेव, बाळाला दुसऱ्या खोलीत निजव, टाक्यांजवळ काही गरम नेऊ नको, आणि आई मनगटाला लावून 'चटका बसतोय' म्हणाली तर तिचं ऐक.

मग तिच्या कार्डावर नेहमीसारखं लिहिलं: शेक-शेगडी पूर्णपणे टाळावी.